भिंतीचा लोणा, सोरा आणि राजाची कुदळ

गारगोटी (धागाकर्ती)

सातवीला विज्ञान शिकवते. शाळा सातारा जिल्ह्यातली, इमारत जुनी, मागच्या अंगाला पूर्वी गोठा होता. गेल्या आठवड्यात ‘भौतिक आणि रासायनिक बदल’ चालू होतं. नेहमीची उदाहरणं झाली: बर्फ वितळला, मेण वितळलं, कागद जळला, लोखंड गंजलं, दुधाचं दही झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, “बाई, हा लोणा येतो तो कुठला बदल?”

भिंतीजवळ जाऊन पाहिलं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यांच्याखाली पांढरी, बारीक सुयांची लव. बोट फिरवलं की भुरभुर खाली पडते. पाणी मातीतून भिंतीत चढतं, विरघळलेला क्षार सोबत आणतं, वर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. इथपर्यंत भौतिक बदल, मी बिनधास्त सांगितलं. मग तिने विचारलं, “पण क्षार मातीत आला कुठून?” त्या दिवशी तास तिथेच संपला आणि मी घरी येऊन रात्री उशिरापर्यंत वाचत बसले.

जिथे जनावरं बांधली जातात, तिथल्या मातीत शेण-मूत मुरतं. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो (गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबतो तो). मातीतले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मातीत चुना असेल तर कॅल्शियम नायट्रेट तयार होतं, राख मिसळलेली असेल तर पोटॅशियम नायट्रेट. हा दुसरा म्हणजे आपला सोरा. आजी त्याला सुराखार म्हणायची. हे बदल अस्सल रासायनिक आहेत, आणि फार सावकाश होतात. ओल हवी, ऊब हवी, हवा हवी, डोक्यावर छप्पर हवं कारण पावसाने नायट्रेट धुऊन जातं. अशी माती पिकायला कित्येक महिने, चांगली पिकायला वर्षं लागतात.

एवढं कळल्यावर मी खरी अडकले ती पुढच्या गोष्टीत. बंदुकीच्या दारूत वजनाने जवळजवळ तीन चतुर्थांश सोरा असतो; कोळसा आणि गंधक उरलेल्या चतुर्थांशात. कोळसा कुठेही मिळतो. गंधक इटलीहून येई. सोऱ्याचं काय? सोळाव्या शतकात युरोपातल्या राजांकडच्या तोफा वाढल्या, आरमारं वाढली, आणि सगळ्यांना एकाच वेळी सोरा हवा झाला. तो मिळायचा कुठे, तर लोकांच्या गोठ्यांत, तबेल्यांत, कबुतरखान्यांत, तळघरांत. जमिनीच्या वरच्या वीत-दोन वीत मातीत.

इंग्लंडची गोष्ट सांगते. 1561 साली एलिझाबेथ राणीच्या सरकारने गेरार्ड होनरिक नावाच्या जर्मन कॅप्टनला 300 पौंड देऊन सोरा पिकवायची कृती घेतली. काळी माती, लीद, चुना, राख आणि मूत्र. त्यातही दारू पिणाऱ्या माणसांचं मूत्र बरं, असं कृतीत लिहिलेलं. पण इंग्लंडची हवा थंड, ओली. मुद्दाम घातलेले ढीग गरजेएवढा सोरा देईनात. मग सरकारने सोरा काढणाऱ्यांना परवाने दिले. हे लोक कुदळी, पिंपं आणि कढया घेऊन गावात येत आणि सरकारी हुकूम दाखवून लोकांच्या जमिनी खोदत. माती पिंपात भरायची, वरून पाणी घालायचं, खाली झिरपलेलं पाणी राखेतून काढून उकळायचं, थंड करायचं. माती वाहायला गाडी गावाची, तीही सरकारी दराने. दर काही वर्षांनी माती परत ‘पिकली’ की पुन्हा हजर.

1606 मध्ये न्यायाधीशांना यावर निर्णय द्यावा लागला. त्यांनी राजाचा अधिकार मान्य केला, कारण दारूगोळा राज्याच्या रक्षणासाठी. पण अटी घातल्या: राहत्या घराची जमीन उकरायची नाही, भिंतींचा पाया पोखरायचा नाही, काम सूर्योदय ते सूर्यास्त, आणि खोदलेली जागा होती तशी करून द्यायची. अटी वाचल्या की काय काय घडत होतं ते आपोआप कळतं.

चार्ल्स पहिला गादीवर आला त्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झालं, मग फ्रान्सशीही जुंपलं. 1625 च्या फर्मानाने कबुतरखान्यांच्या जमिनीला फरशी घालायला बंदी आली. फरशी घातली तर खालची माती पिकणार नाही म्हणून. तुमच्या स्वतःच्या आवारात दगड बसवायचा की नाही, हे दारूखान्याच्या गरजेवर ठरणार. 1626-27 च्या हिवाळ्यात दुसरं फर्मान निघालं: प्रजेने माणसांचं आणि जनावरांचं मूत्र भांड्यांत साठवून ठेवावं, सोऱ्याच्या नव्या कारखान्याची माणसं ते घेऊन जातील. ही योजना तगली नाही, आणि कुदळवाले पुन्हा दारात आले. ऑक्सफर्डशायरकडे तर चर्चची जमीनही खोदली गेली.

त्या रात्री मला जे जाणवलं ते सांगते आणि थांबते. सोऱ्याच्या कामात माती धुणं, पाणी आटवणं, स्फटिक काढणं हे सगळं दिवसांत उरकणारं. ते राजा त्याच्या कढईत कुठेही करू शकत होता. पण आधीचा रासायनिक बदल संथ होता आणि तो लोकांच्या घरातच होत होता. राजाला तो घाईने करून घेता येत नव्हता, स्वतःच्या वाड्यात हलवता येत नव्हता. म्हणून त्याला दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत यावं लागलं. मुलांना हे कसं सांगू? तुमच्याकडे काय उदाहरणं आहेत?


खडूफळा

फार आवडला धागा. वाचनखूण साठवली. एक दुरुस्ती मात्र आधी करायला हवी. भिंतीवरचा प्रत्येक लोणा म्हणजे सोरा नव्हे. विटा आणि सिमेंटच्या भिंतीवर बहुतेक वेळा सोडियम सल्फेट किंवा कार्बोनेटचे क्षार फुलतात. सोरा जुन्या गोठ्याच्या, मातीच्या, संडासाशेजारच्या भिंतीवर. तुमच्या शाळेमागे गोठा होता म्हणता, म्हणजे शक्यता आहे, पण गृहीत धरू नका.


गारगोटी

बरोबर. तपासून सांगते.


द्राक्षबाग_निफाड

ताई, सोरा आमच्या शेडमध्ये 25 किलोच्या गोणीत पडलेला असतो! तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच की. मण्यात साखर भरताना ठिबकमधून सोडतो.

एक गोष्ट तुमच्या पोरांना नक्की दाखवा. बादलीत पाणी घ्या, त्यात हे खत टाकून ढवळा. बादलीचा पत्रा बाहेरून गार पडतो, दमट हवा असली तर बाहेर घाम येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पाण्यातच काही गडबड आहे. भर एप्रिलात हात बुडवला तर फ्रीजमधल्या पाण्यासारखं. आमचा सालगडी त्याला ‘थंड खत’च म्हणतो.

दुसरं. याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटवालं खत एकत्र टाकलं की पाणी दुधासारखं होतं आणि ड्रीपर चोंदतात. आम्ही म्हणतो ‘टाकी फुटली’. माझी एकदा अख्खी लॅटरल (ठिबकची नळी) गेली होती. दोन्ही खतं वेगवेगळी टाकली तर पाणी निवळ, एकत्र टाकली तर पांढरा गाळ. पहिलं विरघळणं, दुसरं मात्र काहीतरी नवीनच तयार होणं. हे पोरांना बादलीत दोन मिनिटांत दिसेल.


खडूफळा

निफाडकर, तुमची बादली अकबराच्या दरबारातली आहे. ऐन-ए-अकबरीत अबुल फझलने लिहून ठेवलंय की पाण्यात सोरा विरघळवून त्यात पिण्याच्या पाण्याचं भांडं फिरवत आणि पाणी गार करत. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर हिमालयातून बर्फ येऊ लागला. वापरलेल्या सोऱ्याचं पाणी आटवलं की सोरा परत हातात, पुन्हा वापरा.

आता शाळेतला नेहमीचा प्रश्न: विरघळणं भौतिक की रासायनिक? पुस्तक भौतिक म्हणतं. पण थोडं प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्फटिकात पोटॅशियम आणि नायट्रेट हे विद्युतभारित कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्यात ते सुटे होतात, प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. जोड तोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी पाण्याचे रेणू गोळा होताना परत मिळत नाही, म्हणून उरलेली उष्णता पाण्यातून ओढली जाते आणि बादली गार पडते. पाणी आटवलं की तोच पदार्थ परत मिळतो, म्हणून आपण त्याला भौतिक म्हणतो. ‘उलटा करता येतो तो भौतिक, नाही तो रासायनिक’ हे घोकायला सोपं आहे, पण अंडं फोडलेलं परत जोडता येत नाही आणि तो बदल भौतिकच. नवीन पदार्थ झाला का, एवढाच प्रश्न विचारायला शिकवा.

माझ्या भाच्याला परीक्षेत ‘लाकूड तासणे’ हा बदल उलटा करता येत नाही म्हणून रासायनिक असं शिकवलं गेलं होतं आणि त्याने ‘भौतिक’ लिहिलं म्हणून गुण कापले. बिचारा रडला होता. मला अजून आठवतं.


सदाफुली

तोच सुटा झालेला पोटॅशियम मग राखेतून येतो का? की ते वेगळं?


गारगोटी

सदाफुली, तेच. हा भाग मूळ लेखात मी एका वाक्यात उरकला, पण खरं कौशल्य इथे होतं.

गोठ्याच्या मातीतून पाण्यात जे उतरतं त्यात कॅल्शियम नायट्रेट बरंच असतं. ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. त्याची दारू केली तर पेट घेत नाही. त्यात लाकडाची राख घातली की राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट त्याच्याशी अदलाबदल करतं. कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून खडू होऊन तळाशी बसतात, पाण्यात राहतो सोरा. निफाडकरांची ‘फुटलेली टाकी’ याच जातीची, फक्त तिथे खडूऐवजी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) बसतं. तुमच्या टाकीत ती आपत्ती, त्यांच्या पिंपात तीच अपेक्षित.

त्यानंतर मीठ वेगळं करायचं. मूत्रातून, मातीतून साधं मीठही आलेलं असतं. इथे आकडे पाहा. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना साधारण 32 ग्रॅम सोरा विरघळतो. उकळत्या पाण्यात 240 ग्रॅमच्या वर. साधं मीठ मात्र 20 अंशांना 36 ग्रॅम आणि उकळत्याला 39, म्हणजे जवळपास तेवढंच. त्यामुळे पाणी उकळून आटवत नेलं की मीठ कढईतच तळाशी बसायला लागतं. ते झाऱ्याने काढून टाकायचं. उरलेलं पाणी उथळ भांड्यात थंड करायचं की सोऱ्याच्या लांब कांड्या पडतात. मीठ गरम असताना जातं, सोरा थंड झाल्यावर येतो. त्या कारागिरांना ना आयन माहीत, ना विद्राव्यतेचे आलेख. त्यांना कढईचा आवाज आणि थेंब नखावर कसा गोठतो ते माहीत.

आणि राखेसाठी लाकूड लागे, उकळायला लाकूड लागे. इंग्लंडमध्ये जळण तेव्हा महाग होत चाललेलं. लोकांच्या तक्रारींत हेही आहे.


जुनी_बखर

छान माहिती. पण एक शंका विचारतो. 1642 मध्ये इंग्लंडात यादवी युद्ध पेटलं, 1649 मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला. धाग्याचा रोख असा दिसतो की गोठे खोदले म्हणून हे झालं. हे मला पटत नाही. जहाजपट्टी (आरमारासाठी लावलेला कर), धर्माचे वाद, पार्लमेंटशिवाय अकरा वर्षं चालवलेला कारभार, स्कॉटलंडशी लढाई ही खरी कारणं.


गारगोटी

जुनी_बखर, सोऱ्यामुळे यादवी झाली असं मी म्हणत नाही. तुम्ही सांगितलेली कारणं मोठी आहेतच. पण सोरा त्यांच्या रांगेत बसतो, हे पार्लमेंटनेच लिहून ठेवलंय. 1641 च्या ‘ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स’मध्ये, म्हणजे राजापुढे ठेवलेल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत, साबण, मीठ, वाइन, चामडं, कोळसा यांच्या मक्तेदारीबरोबर बंदुकीच्या दारूची तक्रार आहे: सगळी दारू एकाच हाती, टॉवर ऑफ लंडनमध्ये कोंडून ठेवायची आणि भाव एवढा चढवायचा की गरिबाला घेता येऊ नये. त्याच वर्षी बाहेरून सोरा आणि दारू आणायला, देशात दारू बनवायला मोकळीक देणारा कायदा झाला. 1656 मध्ये, म्हणजे राजा जाऊन सात वर्षांनी, असा कायदा झाला की मालकाच्या परवानगीशिवाय सोरा काढणाऱ्याने घरात किंवा जमिनीत खोदायचं नाही.

जहाजपट्टी हा कागदावरचा आकडा होता. कुदळ दिसायची. घरच्या बाईला, घोडा सांभाळणाऱ्या पोराला, चर्चमध्ये आजोबांच्या थडग्याशेजारी बसणाऱ्या माणसाला. मला वाटतं, सत्ता म्हणजे काय हे एरवी कधी न कळणाऱ्यांनाही यातून कळलं. आणि कबुतरखाने ठेवायचा मान जहागीरदारांचा, त्यामुळे कुदळ गरिबाच्याच घरात गेली असंही नाही. वरची माणसंही चिडली.


जुनी_बखर

आता पटलं. ‘रांगेत बसतो’ हे ठीक आहे.


सदाफुली

मग 1656 नंतर इंग्लंडने सोरा कुठून आणला? खोदणं तर बंद झालं.


गंगाकाठ

सदाफुली, आपल्याकडून. म्हणजे बिहारमधून.

बँकेच्या नोकरीत मी चार वर्षं उत्तर बिहारमध्ये होतो, मुजफ्फरपूर भागात. तिथे ‘नोनिया’ नावाचा समाज आहे. नाव ‘नोन’ म्हणजे मिठावरून. पिढ्यान्‌पिढ्या सोरा काढायचं काम यांच्याकडे. तिरहुत, सारण, चंपारण हा सगळा पट्टा सोऱ्याचा. कारण सोपं: दाट वस्ती, गुरं भरपूर, गाळाची चुनखडीयुक्त माती, आणि पावसाळ्यानंतर लांबलेला कोरडा काळ. पावसाने ओल खाली मुरते, मग ऊन पडलं की पाणी वर चढतं आणि जुन्या घरांच्या भिंतींपाशी, रस्त्याकडेला पांढरा थर वर येतो. इंग्लंडमध्ये जे छपराखाली वर्षानुवर्षं सांभाळावं लागे, ते इथे ऋतूच करून देत.

नोनिया बायका-माणसं तो थर खुरप्याने अलगद खरवडून घेत. खोलवर खणायचं नाही. मातीची गोल टाकी बांधत, तिला कोठी म्हणतात. तळाशी बांबू आणि गवताचा थर, त्यावर माती पायाने दाबून बसवायची. वरून पाणी हळूहळू सोडायचं. खाली पिवळट तपकिरी पाणी थेंबथेंब गळतं, ते उकळून कच्चा सोरा. पुन्हा विरघळवून, पुन्हा आटवून कलमी सोरा, म्हणजे शुद्ध केलेला. गारगोटीताईंनी सांगितलेलं राखेचं कामही तिथे होई.

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांनी पाटण्यात वखारी घातल्या त्यात सोरा हा मोठा माल होता. जहाजाच्या तळाला वजन म्हणूनही तो उपयोगी पडे, म्हणजे त्याला जवळजवळ फुकट भाडं. 1693 च्या सनदेत ईस्ट इंडिया कंपनीवर दरवर्षी 500 टन सोरा राजाला पुरवायची अट होती. प्लासीनंतर, 1758 मध्ये, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी कंपनीसाठी मिळवली. डचांना आणि फ्रेंचांना यापुढे इंग्रजांच्या हातून घ्यावा लागला. युरोपातल्या पुढच्या लढायांत ही बाजू इंग्रजांच्या फार उपयोगी पडली.

लंडनच्या घरमालकाचा गोठा सुटला तो नोनियाच्या खुरप्यामुळे. पण नोनियाला काय मिळालं? दादनी, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ठरलेल्या भावाला माल द्यायचा. दुष्काळात भाव तोच. वर आणखी एक त्रास. गारगोटीताई म्हणाल्या तसं, सोरा काढताना कढईत मीठ राहतं. ते खाता येतं. पण मिठावर सरकारचा कर! म्हणून पुढे इंग्रजी अमलात सोरा काढायला परवाना, आणि कढईतलं मीठ कर न भरता विकलं किंवा खाल्लं तर गुन्हा. स्वतःच्या कढईच्या तळाला बसलेलं मीठ. भौतिक बदलाने वेगळी झालेली दोन द्रव्यं, एकाला कंपनी घेऊन गेली, दुसऱ्याला हात लावला तर पोलीस. एका म्हाताऱ्या नोनियाने मला त्याच्या आजोबांबद्दल सांगताना ‘नून के मुकदमा’ (मिठाचा खटला) असा शब्द वापरला होता. तो शब्द डोक्यातून गेला नाही.


द्राक्षबाग_निफाड

गंगाकाठ सर, वाचून अंगावर काटा आला. मिठाचा सत्याग्रह आपण दांडीपुरता शिकतो. हे बिहारचं कधी कळलंच नसतं.


सीन_काठची

मी गेली अकरा वर्षं पॅरिसमध्ये राहते. मूळची कोल्हापूरची. धाग्यात फ्रान्स यायलाच हवा, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

रसायनशास्त्रात ‘पदार्थ नष्ट होत नाही, रूप बदलतं’ हा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपण ज्याच्या नावाने शिकतो, तो आंत्वान लाव्हाझिए नोकरीने सरकारच्या दारू-सोरा खात्यात होता. 1775 मध्ये अर्थमंत्री तुर्गो यांनी खाजगी मक्तेदारी काढून सरकारी खातं केलं, त्याच्या चार प्रमुखांपैकी लाव्हाझिए एक. त्याचं घर आणि प्रयोगशाळा शस्त्रागारातच. फ्रान्समध्येही सोरेवाल्यांना घरात शिरून खोदायचा जुना हक्क होता, लोक त्रासलेले होते. या खात्याने तो हक्क आवरता घेतला आणि गोठ्यात खोदण्याऐवजी मुद्दाम ढीग घालून सोरा पिकवायचा प्रयत्न केला. फ्रेंच दारूचा दर्जा सुधारला, अमेरिकेतल्या बंडखोरांना तीच दारू गेली.

1787 मध्ये लाव्हाझिए, गितों द मॉर्व्हो, बर्थोले आणि फुरक्रुआ या चौघांनी मिळून पदार्थांची नवी नावं ठरवणारं पुस्तक काढलं. त्यातलं सोऱ्याचं नाव ‘नायट्रेट ऑफ पोटॅश’. आपण आज ‘पोटॅशियम नायट्रेट’ म्हणतो ते तिथून. नावातच कळतं की तो कशाकशाचा बनला. खडूफळा म्हणाले ना, ‘नवीन पदार्थ झाला का’ हा प्रश्न विचारा. तो प्रश्न नीट विचारता येण्याजोगी भाषा या चौघांनी दिली.

दोनच वर्षांनी 14 जुलै 1789. बॅस्टिलवर लोक का गेले? कैदी सोडवायला गेले असं आपण शिकतो. आत कैदी सातच होते. त्या सकाळी लोकांनी इनव्हालिद या जुन्या सैनिकांच्या इस्पितळातून हजारो बंदुका घेतल्या, पण बंदुकीत घालायला दारू नव्हती. दारूची सुमारे 250 पिंपं दोन रात्री आधी शस्त्रागारातून बॅस्टिलमध्ये हलवलेली होती. ती हवी होती. मी बॅस्टिल मेट्रो स्टेशनवरून रोज जाते. फलाटाच्या एका कडेला त्या किल्ल्याच्या पायाचे दगड दिसतात. हा धागा वाचल्यानंतर काल तिथे थांबून हात लावून आले.

त्याच ऑगस्टमध्ये शस्त्रागारातून हलक्या प्रतीची दारू बोटीने बाहेर चालली होती. अफवा उठली की लाव्हाझिए दारू शत्रूला देतोय. जमावाने त्याला धरून नगरभवनात नेलं, तिथे खुलासा झाला आणि तो कसाबसा वाचला.

पुढचं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. फ्रान्सभोवती युद्ध पेटलं, समुद्रावर इंग्रज, म्हणजे बिहारचा सोरा येणं बंद. डिसेंबर 1793 मध्ये क्रांतिकारी सरकारने हुकूम काढला की नागरिकांनी आपापल्या तळघरातली, गोठ्यातली माती स्वतः धुऊन सोरा द्यावा. 1794 च्या सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यातून माणसं पॅरिसला बोलावून सोरा आणि दारू करायचं शिक्षण दिलं. शिकवणारे कोण? गितों, बर्थोले, फुरक्रुआ. नावं ठरवणाऱ्या चौघांपैकी तिघं. चौथा नोव्हेंबरपासून तुरुंगात होता, कर गोळा करणाऱ्या कंपनीतल्या भागीदारीमुळे. मार्चमध्ये शिकलेल्या नागरिकांनी आपापला सोरा मिरवत संसदेपुढे मिरवणूक नेली. 8 मे रोजी लाव्हाझिएचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

सोरा मात्र मिळाला. आणि घाईने चालवलेला पॅरिसजवळच्या ग्रनेलचा दारूचा कारखाना 31 ऑगस्ट 1794 रोजी उडाला, शेकडो कामगार गेले. त्यांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत.


जुनी_बखर

सीन_काठची ताई, एक गोष्ट ध्यानात आली. इंग्लंडात राजाने तळघर खोदलं तर लोक चिडले. फ्रान्समध्ये प्रजासत्ताकाने सांगितलं तर लोक स्वतः खोदायला बसले. माती तीच, काम तेच.


सीन_काठची

हो, पण सगळेच हौसेने बसले असं नाही. ज्याच्या दारावर ‘सोरा दिला नाही’ अशी नजर गेली त्याला भीती होतीच. त्या वर्षी भीती सगळीकडे होती. तरी शिकायला आलेल्यांमध्ये गावाकडचे साधे लोक होते, आणि एका देशाने शेकडो माणसांना एकदम रसायनशास्त्र शिकवायची ती फार लवकरची वेळ. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.


खडूफळा

अवांतर नाही, मुद्द्याचं: मातीत हे घडवतं कोण, हे या कोणालाच माहीत नव्हतं. ना होनरिकला, ना नोनियाला, ना लाव्हाझिएला. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू आणि खडूच्या थरातून सोडलं. काही दिवस काहीच नाही, मग अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि ते थांबलं. साधी रासायनिक क्रिया क्लोरोफॉर्मने थांबत नाही, म्हणजे कोणीतरी जिवंत आहे. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. गारगोटीताई, तुमच्या त्या मुलीला हा प्रयोग सांगा. लोणा, दही, दोन्ही तिच्याच ओळखीचे.


गारगोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेत काय झालं ते सांगते.

दोन कागदांवर दोन नमुने घेतले. एक वर्गातल्या सिमेंटच्या भिंतीचा, एक मागच्या पडक्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीचा. दोन्ही पांढरे, दिसायला सारखे. मुलांना मैदानात लांब उभं केलं, शिपाईमामांनी शेगडीत कोळसे फुलवले. लांब दांड्याच्या पळीने मी आधी वर्गातला चिमूटभर टाकला. काही नाही, नुसती राख पडल्यासारखं. मग गोठ्यातला. तो तडतडला, कोळशावर जिथे पडला तिथे निखारा पांढरा होऊन चर्रकन आत खड्डा पडला. मुलं एकदम ओरडली.

खडूफळा, तुमची दुरुस्ती खरी ठरली, वर्गातला सोरा नव्हता.

नंतर द्राक्षबागवाल्यांची बादली केली. तालुक्याच्या कृषी केंद्रातून किलोभर तेरा-शून्य-पंचेचाळीस आणलं. प्रत्येकाने हात लावून पाहिला. थर्मामीटर 29 वरून 17 वर गेला. तेच पाणी ताटात ओतून खिडकीत ठेवलंय, आज तिसरा दिवस, कडेने बोटभर लांब कांड्या पडल्यात.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने वहीत भिंतीचं चित्र काढलं. जमिनीखाली लाल पेन्सिलीने ‘रासायनिक’ लिहिलं, भिंतीत वर चढणाऱ्या बाणाशेजारी निळ्याने ‘भौतिक’, आणि कोळशापाशी पुन्हा लाल. मग विचारते, “बाई, त्या इंग्लंडातल्या बायकांना माहीत होतं का, खालून काय येतंय?”

गंगाकाठ, सीन_काठची, याबद्दल कुणाकडे काही वाचायला असेल तर इथेच लिहा. सोमवारी तिला उत्तर द्यायचंय.